क्यूएमूमध्ये टेस्ट पास, बोर्डवर हार्डफॉल्ट: हीप आणि स्टॅकची टक्कर कशी पकडायची

हा प्रॉब्लेम इतक्या जणांकडून आणि इतक्या वेळा येतो की एकदा सगळं नीट लिहूनच ठेवतो. नाशिकच्या अंबड, सातपूरला कंट्रोलर बनवणाऱ्या छोट्या युनिटमधली पोरं असोत नाहीतर फायनल इयरच्या प्रोजेक्टवाली, तक्रार सगळ्यांची सारखीच, "दादा, एमुलेटरमध्ये रात्रभर चालतंय, बोर्डवर टाकलं की थोड्या वेळात लटकतंय". मग दोन दिवस सोल्डरिंगवर संशय, पॉवर सप्लायवर संशय, क्रिस्टल बदलून बघितला जातो, आणि शेवटी बहुतेक वेळा निघतं काय तर हीप (मॅलॉकनं चालताना मागून घेतलेली मेमरी) आणि स्टॅक (फंक्शनचे लोकल व्हेरिएबल आणि रिटर्नचे पत्ते ठेवायची जागा) एकमेकांत घुसलेले असतात आणि एमुलेटरनं, म्हणजे पीसीवर चिपची नक्कल करणाऱ्या क्यूएमूनं, त्याबद्दल चकार शब्द काढलेला नसतो.

आधी लक्षणं. क्रॅश दरवेळी वेगळ्या जागी होतो. एक प्रिंटएफ वाढवला की गायब, काढला की परत हजर. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन ओ-झिरोवरून ओ-एसवर नेलं की वागणं बदलतं. एखादं ग्लोबल व्हेरिएबल, ज्याला कोणी हात लावत नाही, त्याची व्हॅल्यू बदललेली सापडते. मॅलॉक मेनमध्ये व्यवस्थित चालतो आणि टास्कमध्ये गेला की नल देतो. यातली दोन जरी जुळत असली तरी लॉजिक शोधत बसू नका, आधी मेमरीचा नकाशा बघा.

आणि बग शोधण्याच्याही आधीचं एक काम आहे, ते म्हणजे एमुलेटरला बोर्डइतकं कडक करणं. बोर्डपेक्षा ढिल्या एमुलेटरमध्ये पास झालेल्या मेमरी टेस्टला माझ्या लेखी काहीच किंमत नाही, कारण ती टेस्ट नापास होऊच शकत नसते.

बोलायला सोपं पडावं म्हणून एक उदाहरण धरून चालू. दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांना ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा कंट्रोलर, चिप एसटीएम३२एफ१०३सी८, म्हणजे कॉर्टेक्स-एम३, फ्लॅश ६४ केबी आणि रॅम २० केबी. वर फ्रीआरटॉस (एका चिपवर अनेक टास्क आळीपाळीनं चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम), एक जीएसएम मॉडेम, प्रेशर सेन्सर, चारपाच टास्क. ही चिप जशीच्या तशी क्यूएमूमध्ये मिळत नाही, म्हणून लोक कॉर्टेक्स-एम३ असलेलं दुसरं मशीन घेतात, आणि खरी गडबड इथूनच सुरू होते.

मशीनची रॅम नक्की किती आहे?

बहुतेक जण एमपीएस२-एएन३८५ घेतात कारण फ्रीआरटॉसचा तयार डेमो त्यावर आहे. त्या मशीनमध्ये हेक्स २००००००० पासून तब्बल ४ एमबी एसरॅम आहे. तुमच्या चिपची रॅम २०००५००० ला संपते, मशीनची २०४००००० ला. म्हणजे तुमचा हीप २० केबी ओलांडून पुढे कुठेही भटकला तरी तिथं खरीखुरी मेमरी हजर आहे, लिहिलेलं टिकतं, वाचलं की परत मिळतं, फॉल्ट यायचं काही कारणच नाही. मी बघितलेल्या एका कोडमध्ये २४ केबीचा लॉग बफर मॅलॉकनं घेतलेला होता, २० केबीच्या चिपसाठी, आणि एमुलेटरमध्ये सगळ्या टेस्ट हिरव्या!

दुसरं लोकप्रिय मशीन एलएम३एस६९६५ईव्हीबी, त्यात २५६ केबी फ्लॅश आणि ६४ केबी रॅम. एसटीएम३२व्हीएलडिस्कव्हरी नावाचंही मशीन आहे, ते एफ१०० सिरीजचं, फ्लॅश १२८ केबी आणि रॅम फक्त ८ केबी, फ्लॅशचा पत्ताही एसटीच्या चिपसारखाच ०८०००००० पासून. कोड ८ केबीत बसत असेल तर मला हे जास्त आवडतं कारण जागा कमी म्हणजे टक्कर लवकर होते आणि लवकर दिसते.

तुमच्या मशीनमध्ये काय आहे ते अंदाजानं ठरवू नका. क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये जाऊन इन्फो एमट्री टाका, सगळा पत्त्यांचा झाड-नकाशा समोर येतो, कुठून कुठपर्यंत रॅम, कुठे रॉम, कुठे पेरिफेरल, सगळं. तो आउटपुट आणि लिंकरची मॅप फाइल शेजारी शेजारी उघडून बघितली की निम्मी उत्तरं तिथंच मिळतात.

मग लिंकर स्क्रिप्ट, म्हणजे कोड आणि डेटा कुठल्या पत्त्यावर बसवायचा ते सांगणारी फाइल. डेमोतली स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलली जाते, त्यात रॅमची लांबी ४ एमबी लिहिलेली असते, म्हणून स्टॅकचा माथा जाऊन बसतो २०४००००० ला, आणि बोर्डच्या बिल्डला वेगळी स्क्रिप्ट जिच्यात माथा २०००५००० ला. आता हीप आणि स्टॅकमधलं अंतर एका बिल्डमध्ये जवळपास ४ एमबी आणि दुसऱ्यात काही केबी, मग एका ठिकाणी होणारी टक्कर दुसऱ्या ठिकाणी दिसणार कशी? दोन्ही बिल्डमध्ये रॅमची सुरुवात आणि लांबी अगदी एकसारखी ठेवा, बोर्डची असेल तीच. फरक फक्त फ्लॅशच्या पत्त्यात असू द्या, एमपीएस२ ला ० पासून आणि एसटीएमला ०८०००००० पासून. एवढं केल्यावर निदान डेटा (सुरुवातीची व्हॅल्यू दिलेले ग्लोबल), बीएसएस (शून्यापासून सुरू होणारे ग्लोबल), हीपची सुरुवात आणि स्टॅकचा माथा दोन्हीकडे जवळपास त्याच पत्त्यांवर येतात, आणि एमुलेटरमध्ये दिसलेला पत्ता बोर्डवर शोधता येतो.

पण लांबी बरोबर लिहिली म्हणजे काम झालं असं नाही. लिंकरचा तो मेमरी युसेज दाखवणारा ऑप्शन आहे ना, तो फक्त स्टॅटिक हिशोब सांगतो. "रॅम ६२ टक्के वापरली" असं दिसलं की लोक निवांत होतात, पण त्यात मॅलॉकनं चालताना घेतलेलं काही नसतं आणि स्टॅक किती खोल गेला तेही नसतं. एसटी कंपनीच्या क्यूब या कोड बनवणाऱ्या टूलनं दिलेल्या स्क्रिप्टमध्ये मिनिमम हीप साइज ५१२ बाइट आणि मिनिमम स्टॅक साइज १०२४ बाइट असे आकडे असतात, त्यांच्याबद्दल तर भलताच गैरसमज आहे, लोकांना वाटतं स्टॅकला १ केबीची मर्यादा घातली गेली. तसं काही नसतं. लिंक करताना तेवढी जागा शिल्लक आहे का एवढंच लिंकर तपासतो, चालताना स्टॅक त्याच्या खाली गेला तर अडवणारं तिथं कोणी नाही.

नसलेल्या पत्त्यावर लिहिलं तर काय होतं?

हा भाग नीट वाचा, कारण बऱ्याच अनुभवी माणसांनाही हे माहीत नसतं. खऱ्या चिपवर जिथं मेमरीच नाही तिथं लिहायला गेलं की बसफॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्याबद्दल प्रोसेसरची एरर, येतो, आणि बसफॉल्ट वेगळा चालू केलेला नसेल तर तोच हार्डफॉल्ट होऊन येतो. क्यूएमूमध्ये मात्र हे मशीनवर अवलंबून आहे. काही जुन्या मशीनमध्ये, एलएम३एस६९६५ईव्हीबी त्यातलंच, अशा चुकीच्या अ‍ॅक्सेसकडे मुद्दाम दुर्लक्ष करायची सोय चालू ठेवलेली आहे, जुनी सॉफ्टवेअरं चालत राहावीत म्हणून. लिहिलं तर गिळून टाकतं, वाचलं तर शून्य देतं, पुढे चालू. म्हणजे स्टॅक रॅमच्या तळाखाली गेला, पॉइंटर भरकटला, काही झालं तरी शांतता. एमपीएस२ मध्ये असं नाही, तिथं रिकाम्या पत्त्यावर फॉल्ट येतो, फक्त तिथं रॅमच एवढी मोठी की रिकामा पत्ता लवकर लागत नाही!

म्हणून कुठलंही मशीन निवडलं की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम चालवायचा, जो रॅमच्या बाहेरच्या पत्त्यावर जाणूनबुजून एक वर्ड लिहितो. फॉल्ट हँडलरमध्ये गेला तर मशीन उपयोगाचं, नाही गेला तर त्या मशीनवर ओव्हरफ्लोच्या टेस्ट करून काही सिद्ध होणार नाही. अशा वेळी क्यूएमूला डॅश-डी ऑप्शनमध्ये गेस्ट एरर्स (क्यूएमूच्या नव्या आवृत्त्यांत इनव्हॅलिड मेम) लावून चालवा, मग निदान लॉगमध्ये इनव्हॅलिड रीड, इनव्हॅलिड राइट अशा ओळी पत्त्यासकट पडतात, आणि टेस्ट स्क्रिप्टमध्ये त्या ओळी सापडल्या की टेस्ट फेल असा नियम करून टाका.

एमपीएस२ च्या मोठ्या रॅमवर उपाय आहे तो एमपीयूचा, म्हणजे मेमरीच्या ठरावीक भागावर बंदी घालू शकणाऱ्या युनिटचा. कमांड लाइनवरून रॅम कमी करायला जाल तर हे मशीन ऐकत नाही, त्याला त्याचा ठरलेलाच आकार लागतो. पण क्यूएमूच्या कॉर्टेक्स-एम३ ला ८ रिजनचं एमपीयू आहे, त्यातला एक रिजन हेक्स २०००५००० ला, आकार ४ केबी, परवानगी कोणालाच नाही असा लावायचा, आणि बाकी मेमरीला नेहमीचा नकाशा लागू राहावा म्हणून प्रिव्हडेफेना बिट चालू ठेवायचा. एमपीयूचा रिजन दोनाच्या घातातल्या आकाराचा आणि स्वतःच्या आकारावर अलाइन असावा लागतो, २०००५००० हा ४ केबीला पूर्ण भाग जाणारा पत्ता आहे त्यामुळे जमतं. झाली भिंत तयार. आता हीप चिपच्या रॅमबाहेर चढत गेला की मेमॅनेज फॉल्ट. हा कोड फक्त एमुलेटरच्या बिल्डमध्ये ठेवा कारण एफ१०३सी८ मध्ये एमपीयू नाही.

हीपला कोण थांबवतंय?

आता मूळ मांडणी. रॅमच्या तळाशी डेटा, त्यावर बीएसएस, बीएसएस संपलं की तिथून हीप वरच्या दिशेनं, आणि रॅमच्या माथ्यावरून स्टॅक खालच्या दिशेनं. दोघांच्या मध्ये काही नाही. मॅलॉकला जागा कमी पडली की तो एसबीआरके नावाच्या फंक्शनकडे मागतो, आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं कुठलं एसबीआरके लिंक झालंय यावर सगळं अवलंबून आहे, तरी हे बघणारे फार कमी.

न्यूलिब या छोट्या चिपसाठीच्या सी लायब्ररीच्या लिबनोसिसमधलं एसबीआरके काहीच तपासत नाही, मागाल तेवढा पॉइंटर पुढे सरकवून देतं. वरचा २४ केबीवाला बफर याच्यामुळेच मिळाला होता. दुसऱ्या प्रकारचं एसबीआरके हीपचं टोक आत्ताच्या स्टॅक पॉइंटरशी ताडून बघतं, पुढे जात असेल तर नाही म्हणतं. हे बरं वाटतं पण आरटॉसखाली उलटंच होतं. फ्रीआरटॉसच्या टास्कचे स्टॅक त्याच्या स्वतःच्या हीपच्या अ‍ॅरेमधून येतात, तो अ‍ॅरे बीएसएसमध्ये, म्हणजे न्यूलिबच्या हीपच्या खाली. टास्क चालू असताना स्टॅक पॉइंटर तिथं खाली असतो, त्यामुळे एसबीआरकेला वाटतं की हीप स्टॅकच्या वर गेलाय आणि ते प्रत्येक वेळी नकार देतं, रॅम मोकळी पडलेली असली तरी. "मेनमध्ये मॅलॉक चालतो, टास्कमध्ये नल येतो" याचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच. क्यूबच्या नव्या फाइलमध्ये तुलना स्टॅक पॉइंटरशी न करता रॅमचा माथा वजा मिनिमम स्टॅक साइज याच्याशी केलेली आहे, ती पद्धत घ्या, आणि मिनिमम स्टॅक साइजमध्ये खरा मोजलेला आकडा टाका, १०२४ तसाच ठेवू नका.

तिसरा प्रकार एमुलेटरवाल्यांसाठी खास आहे. सेमीहोस्टिंगसाठी (चिपवरच्या कोडनं छापण्यासारखी कामं पीसीकडून करून घ्यायची सोय) आरडीआयमॉन स्पेक्स लावून लिंक केलं असेल तर स्टार्टअप कोड होस्टला हीपइन्फो विचारतो, सेमीहोस्टिंगचा हेक्स १६ नंबरचा कॉल, आणि उत्तरात चार पत्ते येतात: हीपची सुरुवात, हीपची हद्द, स्टॅकची सुरुवात, स्टॅकची हद्द. हे उत्तर क्यूएमू देतो आणि तो मशीनच्या रॅमवरून देतो, तुमची लिंकर स्क्रिप्ट त्याला माहीतच नसते. म्हणजे तुम्ही एवढ्या काळजीनं माथा २०००५००० ला ठेवलात आणि स्टार्टअपनं स्टॅक पॉइंटर उचलून भलतीकडेच नेला. तपासायचं सोपं आहे, मेनच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून एसपी रजिस्टर बघा, स्क्रिप्टमधल्या माथ्याच्या आसपास नसेल तर हाच घोळ. उपाय म्हणजे न्यूलिबचा क्रटझिरो, म्हणजे तयार स्टार्टअप कोड, न वापरता तुमचीच स्टार्टअप फाइल वापरा, बोर्डला वापरता तीच, आणि सेमीहोस्टिंग फक्त मेसेज छापायला आणि टेस्ट संपली की बाहेर पडायला ठेवा.

प्रिंटएफबद्दलही सांगतो कारण तो नेहमी निष्पाप समजला जातो. न्यूलिबमध्ये पहिल्यांदा प्रिंटएफ केला की एसटीडीआउटसाठी साधारण १०२४ बाइटचा बफर मॅलॉकनं घेतला जातो. फ्लोट छापायला सांगितलं तर आकडा बनवताना आतून अजून मॅलॉक होतो, आणि स्टॅकही बराच खोल जातो. बफर नको असेल तर सुरुवातीलाच सेटव्हीबफनं अनबफर्ड करून टाका. फ्लोट मात्र छोट्या चिपवर शक्यतो छापूच नका, प्रेशर शंभरानं गुणून इंटिजर म्हणून छापा, पॉइंट मध्ये हातानं घाला. आणि वेगवेगळ्या टास्कमधून न्यूलिबचा मॅलॉक वापरणार असाल तर मॅलॉक लॉकची दोन्ही फंक्शन लिहिलेली असली पाहिजेत, नाहीतर हीपची आतली यादी बिघडते आणि दिसायला पुन्हा ही टक्करच दिसते.

फ्रीआरटॉसचे खास खड्डे

ईएसपी३२ वरून आलेल्या पोरांसाठी: ईएसपी-आयडीएफमध्ये टास्कच्या स्टॅकचा आकार बाइटमध्ये देतात, मूळ फ्रीआरटॉसमध्ये तो वर्डमध्ये असतो, कॉर्टेक्स-एमवर एक वर्ड म्हणजे ४ बाइट. तिकडची २०४८ ची सवय इकडे आणली तर ८ केबी गेले, २० केबीतले. उलट दिशेनं गेलात तर १२८ वर्डचे १२८ बाइट होतात आणि काहीच चालत नाही.

दुसरा खड्डा मेनच्या लोकल व्हेरिएबलचा. कॉर्टेक्स-एमच्या पोर्टमध्ये शेड्युलर सुरू होताना एमएसपी (मेन आणि इंटरप्ट वापरतात तो स्टॅक पॉइंटर) परत व्हेक्टर टेबलमधल्या पहिल्या व्हॅल्यूवर नेला जातो, म्हणजे मेनचा स्टॅक आता इंटरप्टसाठी नव्यानं वापरला जाणार. मेनमध्ये लोकल स्ट्रक्चर बनवून त्याचा पॉइंटर टास्कला दिला असेल तर पहिल्या काही इंटरप्टमध्येच त्याच्यावर पाणी फिरतं. एमुलेटरमध्ये फक्त सिसटिक (ठरावीक वेळानं टिक देणारा टायमर) चालू असेल तर तो खोल जात नाही, स्ट्रक्चर वाचतं, बोर्डवर यूआरटीचा आणि टायमरचा इंटरप्ट एकात एक आला की मेलं. असं काही द्यायचं असेल तर स्टॅटिक करा.

स्टॅक ओव्हरफ्लो चेकचा ऑप्शन २ वर ठेवा, तो प्रत्येक स्टॅकच्या शेवटच्या १६ बाइटमधला ए५ ए५ चा भरणा शाबूत आहे का ते बघतो. पण तो बघतो कधी, तर टास्क बदलताना. मधल्या काळात स्टॅक खाली जाऊन शेजाऱ्याचं नुकसान करून वर आला, किंवा मोठा लोकल अ‍ॅरे घेतल्यामुळे ते १६ बाइट न शिवता उडी मारून खाली गेला, तर हुक कॉल होईलच याची खात्री नाही. फ्रीआरटॉसचा हीप-४ अ‍ॅलोकेटर वापरत असाल तर टास्कच्या स्टॅकच्या लगेच खाली त्याच ब्लॉकचं ८ बाइटचं हेडर असतं, ओव्हरफ्लो झाला की बहुतेकदा आधी ते मरतं, आणि त्याचा पत्ता लागतो तो खूप नंतर, टास्क डिलीट करताना किंवा फ्री करताना असर्ट फुटतो तेव्हा. असर्ट जिथं फुटला तिथं बग नसतो हे लक्षात ठेवा.

एक केस सांगतो, अशाच एका कंट्रोलरची. फिल्टर चोक झाला की प्रेशरमधला फरक वाढतो आणि बॅकवॉश सुरू होतो, त्या फांदीत फ्लोट छापणारा एक प्रिंटएफ होता, टास्कला स्टॅक १२८ वर्ड. एमुलेटरमध्ये सेन्सर वाचणाऱ्या एडीसीच्या जागी शून्य देणारं फंक्शन टाकलेलं होतं, प्रेशर कायम शून्य, फरक शून्य, त्यामुळे ती फांदी टेस्टमध्ये एकदाही चालली नाही. बागेत गेल्यावर ज्या दिवशी फिल्टर पहिल्यांदा चोक झाला त्या दिवशी कंट्रोलर लटकला, नेमकं पाणी पाहिजे तेव्हा. स्टॅक किती लागतो हे कुठल्या फांद्या चालल्या यावर ठरतं. पेरिफेरलच्या जागी खोटं फंक्शन टाकायचं असेल तर ते शून्य देणारं नको, सगळ्या फांद्या उघडेल अशा व्हॅल्यू देणारं पाहिजे.

रॅम रंगवा, पण आधी घाण करा

क्यूएमू सुरू होतो तेव्हा त्याची रॅम पूर्ण शून्य असते. खऱ्या एसरॅममध्ये पॉवर आल्यावर काय असेल याचा भरवसा नाही, आणि थोडा वेळच वीज गेली असेल तर जुन्याचा काही भाग तसाच राहिलेला असतो. आपल्याकडे शेतीच्या फिडरला थ्री फेज पाळीनं येते, म्हणजे कंट्रोलर रोज थंडा होऊन परत उठतो, इनिशियलाइज न केलेलं व्हेरिएबल असेल तर रोज नवा जुगार. एमुलेटरमध्ये तो कायम शून्यच वाचतो म्हणून कायम पास.

तर असं करायचं. क्यूएमू डॅश मोठा एस देऊन थांबवून ठेवायचा, डॅश छोटा एस दिला की १२३४ पोर्टवर जीडीबी डीबगर जोडता येतो. जोडला की रिस्टोअर कमांडनं रँडम बाइटची २० केबीची फाइल बायनरी म्हणून २००००००० ला लिहायची आणि मग कंटिन्यू. स्टार्टअप कोड बीएसएस नीट शून्य करत नसेल, डेटा कॉपी करत नसेल, तरी तेही इथंच उघडं पडतं. दरवेळी वेगळी रँडम फाइल द्या पण फाइल जपून ठेवा, नाहीतर फेल झालेली टेस्ट परत फेल करून दाखवता येणार नाही.

त्यानंतर रंगवणं. रिसेट हँडलरमध्ये, मेनच्या आधी, हीपच्या सुरुवातीपासून ते स्टॅक पॉइंटरच्या थोडं खालपर्यंत सगळीकडे डेडबीफ (हेक्समधली सहज ओळखू येणारी व्हॅल्यू) भरायचं. टेस्ट चालवायची, मग मॉनिटरमधून पीमेमसेव्ह करून रॅमची फाइल काढायची आणि बघायचं मधे डेडबीफ किती उरलं. आपल्याकडे गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत लागलं यावरून पुराचा अंदाज सांगतात, तसंच हे, पाणी ओसरलं तरी कुठपर्यंत चढलं होतं ते कळतं. वरून खाली येताना पहिलं सलग डेडबीफ जिथं लागतं तिथपर्यंत स्टॅक आला होता, खालून वर जाताना जिथं लागतं तिथपर्यंत हीप चढला होता. मधे काहीच उरलं नसेल तर टक्कर झालीच असं समजा. एकदोन सुटे डेडबीफ दिसले तर फसू नका, मोठा लोकल बफर घेऊन त्यात थोडंच लिहिलं की मधे न शिवलेले वर्ड राहतात, म्हणून सलग पट्टा मोजायचा. टास्कच्या स्टॅकसाठी हाय वॉटर मार्कचं फंक्शन आहेच, ते उरलेली जागा वर्डमध्ये देतं, बाइटमध्ये नाही.

पण एमुलेटरमध्ये मोजलेला आकडा बोर्डचा आकडा धरू नका. इंटरप्ट आला की हार्डवेअर ८ वर्ड म्हणजे ३२ बाइट स्टॅकवर ढकलतं, एफपीयू असलेल्या चिपवर फ्लोटचे रजिस्टर धरून २६ वर्ड, १०४ बाइट. वर हँडलरचा स्वतःचा खर्च. क्यूएमूमध्ये तुमचा मॉडेम नाही, डीएमए (प्रोसेसरशिवाय थेट मेमरीत लिहिणारं हार्डवेअर) नाही, तीन इंटरप्ट एकात एक येत नाहीत, त्यामुळे एमएसपीची खरी खोली तिथं दिसतच नाही. यासाठी जीसीसीला एफ-स्टॅक-युसेज देऊन बनलेल्या एसयू फाइल वाचा, प्रत्येक प्रायॉरिटी लेव्हलवरचा सगळ्यात जाड हँडलर घ्या, त्यांची बेरीज करा, प्रत्येकाला वरचे ३२ बाइट जोडा. लायब्ररीतली फंक्शन त्यात येत नाहीत आणि फंक्शन पॉइंटरमधून झालेले कॉलही कळत नाहीत, तेवढी फट ठेवूनच आकडा ठरवायचा.

रंगे हाथ पकडायचं कसं

नुकसान कोण करतंय ते शोधायला एमुलेटरइतकं चांगलं काही नाही, इथं तो बोर्डला मागे टाकतो. बोर्डवरच्या कॉर्टेक्स-एम३ मध्ये वॉचपॉइंटसाठी जेमतेम ४ कंपॅरेटर असतात, क्यूएमूमध्ये तशी ओढाताण नाही. हीपची हद्द म्हणून ठरवलेल्या वर्डवर वॉचपॉइंट लावा, प्रत्येक टास्कच्या स्टॅकच्या शेवटच्या वर्डवर लावा, टास्क बनल्यानंतर लावा म्हणजे रंगवतानाच थांबणार नाही. ज्या क्षणी कोणी तिथं लिहिल त्या क्षणी थांबतो, बीटी टाकलं की पूर्ण कॉलची साखळी समोर. असर्टच्या मागे धावण्यापेक्षा हे शंभरपट चांगलं.

फॉल्ट येत असेल तर डॅश-डी इंट लावून चालवा, कुठलं एक्सेप्शन आलं, बसफॉल्ट असेल तर बीएफएआरमध्ये कुठला पत्ता आहे, सगळं लॉगमध्ये येतं. आणि क्यूएमूच "लॉकअप, कान्ट एस्कलेट ३ टू हार्डफॉल्ट" असं म्हणून बंद पडला तर समजायचं की हार्डफॉल्टच्या आतच परत फॉल्ट आला, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे स्टॅक पॉइंटरच खराब जागी आहे, त्यामुळे हँडलर सुरू झाल्या झाल्या पुश करतानाच मरतो. हँडलर सी मध्ये न लिहिता पहिल्या दोनचार ओळी असेंब्लीत लिहून एमएसपी चांगल्या जागी आणा आणि मगच बाकीचं छापा.

बोर्डवर तेच करताना सीएफएसआर, म्हणजे फॉल्टचं कारण सांगणारं रजिस्टर, वाचा, पत्ता हेक्समध्ये ई०००ईडी२८. बिट नंबर १२, एसटीकेएर, लागलेला असेल तर एक्सेप्शनमध्ये जाताना स्टॅकवर ढकलतानाच फॉल्ट आला, म्हणजे ओव्हरफ्लोचा जवळजवळ पुरावाच. बिट नंबर ९ असेल तर पत्ता नक्की सांगता येतो, नंबर १० असेल तर नाही, कारण लिहिणं बफरमध्ये गेलं आणि फॉल्ट उशिरा आला, पीसी तोवर पुढे निघून गेलेला. क्यूएमूमध्ये हा राइट बफर नसल्यामुळे तिथं नेहमी नक्की पत्ता मिळतो आणि बोर्डवर मिळत नाही, मग लोक गोंधळतात. बोर्डवरच्या चिपच्या कोअरमध्ये सोय असेल तर ऑक्झिलरी कंट्रोल रजिस्टरमधला डिसडेफडब्ल्यूबफ, म्हणजे बिट नंबर १, सेट केला की तिथंही नक्की पत्ता मिळायला लागतो, थोडं हळू चालतं पण डीबग करताना चालेल.

कायमचा उपाय म्हणून मांडणीच उलटी करता येते. स्टॅक रॅमच्या तळाशी ठेवायचा आणि डेटा, बीएसएस, हीप त्याच्या वर. मग मेनचा स्टॅक संपला की तो कोणाच्या डेटात न घुसता २००००००० च्या खाली जातो, तिथं या चिपवर रॅम नाही, सरळ फॉल्ट. रस्टवाल्यांचं फ्लिप-लिंक नावाचं टूल हेच करतं, सी मध्ये लिंकर स्क्रिप्टमध्ये स्टॅकचा सेक्शन पहिला ठेवून हातानं करायचं. मी नवीन प्रोजेक्टला हेच सुचवतो. फक्त दोन अटी, स्टॅकचा आकार आधी मोजून ठरवावा लागतो, आणि टेस्टचं मशीन रिकाम्या पत्त्यावर फॉल्ट देणारं पाहिजे, एलएम३एस६९६५ईव्हीबीवर ही मांडणी तपासून काहीच कळणार नाही. टास्कच्या स्टॅकला याचा उपयोग नाही, ते तिथंच राहतात.

हे सगळं करूनही एमुलेटरमध्ये सगळं स्वच्छ, डेडबीफचा पट्टा भरपूर उरलाय, वॉचपॉइंट एकदाही लागत नाही, आणि बोर्डवर मात्र स्टॅकमधला रिटर्न अ‍ॅड्रेस बिघडलेला सापडतोय, तर मग टक्कर सोडा आणि डीएमए बघा. फंक्शनच्या आत लोकल बफर घेऊन त्यात यूआरटीचा डीएमए रिसीव्ह सुरू केला आणि टाइमआउट होऊन फंक्शन परत आलं तर डीएमए अजून चालूच असतो, मॉडेमचं उशिरा आलेलं उत्तर तो त्याच पत्त्यावर लिहितो जिथं आता दुसऱ्याच फंक्शनचा स्टॅक आहे. तुमच्या एमुलेटरच्या बिल्डमध्ये तो डीएमए नाहीच, त्यामुळे तिथं हे कधीच होणार नाही. बिघडलेल्या स्टॅकमधले बाइट अक्षरं म्हणून वाचून बघा, त्यात ओके किंवा सीएमई एरर असं काही सापडलं तर बफर स्टॅटिक करा आणि टाइमआउटच्या फांदीत आधी डीएमए बंद करा, मगच रिटर्न.